दगडी पेढीचा जिना

माझ्या मुलीनं साखरपुड्यासाठी हॉल पसंत केला आणि त्याचे फोटो मला फोनवर पाठवले, तेव्हा मी मेथी निवडत बसले होते. पहिल्या फोटोत काळ्या दगडाची कमान. दुसऱ्यात रुंद सागवानी जिना, कठड्यावर पिवळ्या दिव्यांच्या माळा सोडलेल्या. तिसरा मी उघडलाच नाही. फोन पालथा ठेवला आणि निवडून झालेल्या मेथीचीच देठं पुन्हा खुडत बसले.

जरा वेळानं तिचा फोन आला. ती पुण्याला नोकरीला, तिचा होणारा नवराही तिथंच. मुलगा मूळचा करमाळ्याचा, आमच्यातलाच.

“आई, बघितलेस का फोटो? कसला भारी आहे हॉल! जुनी बिल्डिंग आहे, खरी दगडाची.”

“गावात फार गर्दी असते गं. गाड्या कुठं लावणार? बाहेर जुळे सोलापुरात कितीतरी हॉल आहेत की.”

“ते सगळे डब्यासारखे आहेत. आणि त्याच्या आईलाही हाच आवडलाय. बुकिंग करून झालंय आई.”

मी फोन ठेवला. माझी आई, जिला आम्ही अव्वा म्हणतो, पलीकडं खाटेवर शेंगा फोडत होती. नव्वदीकडं झुकलीय, पण कान शाबूत. तिनं विचारलं, “कुठला हॉल?” मी सांगितलं. तिचे हात थांबले आणि माहेरचं कुणी भेटावं तसा तिचा चेहरा झाला.

“आपली पेढी? तितं हॉल झालाय व्हय? बरं झालं. मला एकदा बघायचीच होती.”

माझ्या मुलीला एवढंच ठाऊक होतं, की तिचे आजोबा एका पेढीवर कामाला होते. ते खोटं नव्हतं. पुढचं मात्र आमच्या घरात कुणी कधी काढत नसे.

माझा जन्म त्याच बिल्डिंगीतला. बाजारात तिला दगडी पेढी म्हणत. खाली रस्त्याच्या अंगाला दुकानांचे गाळे, मधोमध कमान, कमानीतून वर जाणारा जिना आणि वर एक लांबलचक दिवाणखाना. तिथं या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत पांढरी गादी अंथरलेली असे. परगावचे व्यापारी लोडाला टेकून बसत आणि माझे वडील, अप्पा, त्यांच्यापुढं चादरी उलगडत. घडी डाव्या हातावर घ्यायची आणि उजव्या हातानं असा झटका द्यायचा, की चादर हवेत फुगून गिऱ्हाइकाच्या पायाशी अलगद येऊन पडायची, नक्षी बरोब्बर त्याच्याकडं तोंड करून. शाळेतून आले की मी दारात उभी राहून ते बघत असे. अप्पांनी माझ्याकडं कधी मान वळवली नाही, पण मी उभी असले की झटका जरा जास्त ऐटीत बसायचा.

व्यापाऱ्यांना उतरायला मागं खोल्या होत्या. आम्हाला मागच्या गच्चीवर दोन खोल्या दिल्या होत्या, आणि पाहुण्यांचं जेवण अव्वा करायची. भाकरी, शेंगाची चटणी, कधी गव्हाची गोड हुग्गी. पेढीचे मोठे मालक त्या पंगतीला स्वतः बसत. ते घरात आमच्यासारखंच कानडी बोलत आणि गादीवर मराठी. वर्गात कुणी विचारलं, कुठं राहतेस, तर मी मान वर करून सांगत असे, “दगडी पेढीत.”

पुढं पेढी बसली. गावातल्या गिरण्या एकामागून एक बंद पडल्या. व्यापारी थेट कारखान्यावर जाऊन माल उचलू लागले. गादीवर माणसं दिसेनाशी झाली. अप्पा सकाळी चादरी काढून ठेवत, संध्याकाळी तशाच परत फडताळात ठेवत. मोठे मालक वारले, आणि त्यांच्या मुलानं, आम्ही त्यांना धाकटे मालक म्हणत असू, गादी उचलली, दिवाणखान्यात फळ्या ठोकून खोल्या पाडल्या आणि लॉज काढलं. अप्पांना काउंटरवर बसवलं. फडताळातल्या चादरी लॉजच्या पलंगांवर गेल्या.

सुरुवातीला ते चांगलं चाललं. कोर्टाची तारीख असलेले, सिव्हिल हॉस्पिटलमध्ये माणूस ठेवलेले लोक यायचे. माढ्याकडचे, करमाळ्याकडचे, गाठोडी घेऊन आलेले. ते अप्पांना ‘म्यानेजर’ म्हणत आणि आमच्या गच्चीवर येऊन अव्वाच्या चुलीवर पेशंटसाठी पेज करून नेत. मला तेही आवडत होतं. पण स्टँडजवळ नवी लॉजं उभी राहिली, खोलीतच न्हाणीघर असलेली, आणि ती माणसं तिकडं वळली.

धाकटे मालक एकदा गच्चीवर येऊन अप्पांशी बोलले. मी आत अभ्यासाला बसले होते.

“खोल्या रिकाम्या ठेवून काय उपयोग? कुणी तासा-दोन तासांसाठी मागितली तर देत चला. नाव-गाव विचारत बसू नका.”

अप्पा म्हणाले, “मालक, घरात पोरगी हाय माझी.”

“तुमच्या पोरीचा काय संबंध? गच्चीचं दार लावून घेत जा.”

अप्पांना सगळं समजलं होतं. ते निर्दोष होते असं मी आजही म्हणणार नाही. दुसरीकडं जायला जागा नव्हती आणि डोक्यावरचं छप्पर मालकाचं होतं, हेही खरंच. गच्चीच्या दाराला कडी बसवली गेली आणि अप्पा काउंटरवर बसत राहिले.

मी तेव्हा नववीत होते. दार लावलं तरी जिना एकच. शाळेतून येताना त्या खोल्यांवर येणाऱ्या बायका मला भेटायच्या. त्यांतली एक थोराड, कपाळावर ठसठशीत कुंकू, गुडघ्यानं अधू. दोन पायऱ्या चढली की कठडा धरून थांबायची. एकदा तिनं आमचं दार वाजवून पाणी मागितलं. अव्वानं आमच्याच तांब्यातून दिलं. ती गेल्यावर मी अव्वावर तणतणले.

“तिला कशाला आपला तांब्या?”

“तहान लागली होती तिला,” अव्वा म्हणाली आणि तांब्या जागेवर ठेवला.

शाळेत कुजबुज सुरू झाली होती. खालच्या गाळ्यातल्या दुकानदाराची मुलगी माझ्या वर्गात होती. तिनं कुणाला काय सांगितलं ठाऊक नाही, पण माझ्याशेजारी बसणाऱ्या मुलीला तिच्या आईनं बाक बदलायला लावलं. बाईंनी कारण विचारलं, तर ती म्हणाली, “आईनं सांगितलंय.” बाईंनी माझ्याकडं बघितलं आणि हजेरी घ्यायला लागल्या.

धाड पडली ती भर दुपारी. दिवाळीचा बाजार भरला होता. मी दप्तर घेऊन कमानीपाशी आले तर समोर पोलिसांची जीप. लोक दुकानांच्या पायऱ्यांवर चढून वर बघत होते. मला आत जाऊ देईनात. मी गर्दीतच उभी राहिले. कुणीतरी शिट्टी मारली. कुणीतरी म्हणालं, “आता उतरवतील, बघा.”

जिन्याच्या वरच्या टप्प्यावर बायका उभ्या होत्या, पदरानं तोंड लपवायला धडपडणाऱ्या. तेवढ्यात मागून अव्वा आली. तिच्या हातात चादरींचा ढीग होता. खोल्याखोल्यांतून, पलंगांवरून ओढून आणलेल्या.

हवालदार ओरडला, “ओ बाई, तुमी बाजूला व्हा!”

“नेताय तर न्या साहेब. पण तोंडं झाकून न्या,” अव्वा म्हणाली. त्याच्या होकारासाठी ती थांबली नाही. एकेकीच्या डोक्यावरून तिनं चादर टाकली. लाल, निळी, पोपटी, मोठ्या फुलांच्या त्या चादरी पार गुडघ्यांपर्यंत आल्या. त्या बायकांना पाय कुठं टाकायचा ते दिसेना. म्हणून अव्वानं सगळ्यात पुढचीचा हात धरला, मागचीनं तिच्या चादरीचं टोक, आणि तशी ती ओळ भर बाजारातून जीपपर्यंत गेली. माझी आई सगळ्यात पुढं, उघड्या तोंडानं.

सगळ्यात शेवटी अप्पा उतरले. त्यांच्या खांद्यावर शिपायाचा हात होता. त्यांच्यावर कुणी चादर टाकली नव्हती. खाली येता येता त्यांनी मान वर केली आणि नेमकी मी दिसले, शाळेच्या निळ्या-पांढऱ्या कपड्यांत. त्यांनी तोंड भिंतीकडं फिरवलं.

शेजारून आवाज आला, “तुझे वडील ना गं ते?” ती खालच्या दुकानातली मुलगी. तिनं काही दुष्टपणानं विचारलं नव्हतं. तिला खरंच आश्चर्य वाटलं असावं. पण ते सगळ्यांनी ऐकलं, आणि वळून वळून लोक माझ्याकडं बघायला लागले. माझे कान असे तापले, की हात लावला तर पोळेल असं वाटलं.

दुसऱ्या दिवशी अप्पा सुटून आले. पेपरात ‘लॉजचा मॅनेजर’ असं छापून आलं होतं. धाकट्या मालकाचं नाव कुठंच नव्हतं. बाजारात मात्र बोलणं झालं ते अव्वाचं. ‘म्यानेजरची बायको त्यांचा हात धरून उतरली, म्हणजे काय ते समजा.’ आमच्या नात्यातल्या एका लग्नाचं बोलावणं आम्हाला आलं नाही. अव्वानं त्यासाठी आणलेला खण कुणाला न विचारता माझ्या शाळेच्या पिशवीला अस्तर म्हणून लावून टाकला.

काही आठवड्यांनी ती गुडघ्यानं अधू बाई आमच्या दाराशी आली. हातात धुऊन घडी केलेली चादर. मला वाटलं, अव्वा चादर घेईल आणि दार लावेल. अव्वानं तिला आत घेतलं, आमच्या कपात चहा दिला. मी आतल्या खोलीत जाऊन भिंतीकडं तोंड करून बसले, पण कान तिकडंच होते. आता ह्या दोघी काय बोलतील, कसलं घाणेरडं काही ऐकावं लागेल, याची मला धास्ती होती.

अव्वानं विचारलं, “पाय कसा हाय?”

“दुखतोच की.”

“एरंडाचं पान बांधून बघ. गरम करून.”

“बांधते.”

एवढंच. चहा पिऊन ती गेली. मला तरीही राग आला, आणि तो कुणाचा ते मला त्या वयात सांगता आलं नसतं.

लॉज बंद झालं. आम्ही दूर एका पेठेत भाड्याच्या खोलीत राहायला गेलो. अप्पा स्टेशनजवळच्या एका दुकानात पुन्हा चादरी दाखवायला उभे राहू लागले. त्या दुकानात गादी नव्हती, काचेचं काउंटर होतं. झटका द्यायला जागा नव्हती. घडी नुसती अर्धी उघडून दाखवायची. ते पुन्हा कधी दगडी पेढीच्या रस्त्यानं गेले नाहीत, आणि त्या दुपारविषयी मरेपर्यंत माझ्याशी एक शब्द बोलले नाहीत. मीही काढला नाही.

मी मात्र एकदा तिथं गेले, इच्छा नसताना. बी.एड. झाल्यावर कायम नोकरी लागेपर्यंत मी एका खासगी क्लासमध्ये गणित शिकवत असे. वर्षाच्या मधेच क्लासवाल्यांनी जागा बदलली. नवी जागा बघायला गेले तर तीच कमान. फळ्यांच्या भिंती तशाच होत्या, फक्त खोल्यांवरचे आकडे खरवडून काढले होते. मी शिकवायला लागले. एका संध्याकाळी मागच्या बाकावरून एक मुलगा म्हणाला, “मॅडम, हितं आधी लॉज होतं म्हणे. तसलं.” पोरं खो खो हसली. मी फळ्याकडं वळले आणि समीकरण लिहायला लागले. लिहिता लिहिता चिन्ह चुकलं, तेही पोरांनीच दाखवलं. महिना संपल्यावर मी तो क्लास सोडला. घरी सांगितलं, लांब पडतं.

क्लासही गेला. मग तिथं कसलंसं गोडाऊन होतं असं ऐकलं, मग बरीच वर्षं कुलूप. मला बाजारात जायचं झालं तर मी मागच्या बोळातून वळसा घालून जात असे. माझे यजमान विचारायचे नाहीत. त्यांना लग्नाआधीच सगळं सांगितलेलं होतं, आणि त्यांनी ‘बरं’ म्हणून विषय संपवला होता.

तर साखरपुडा तिथं ठरला.

धाकट्या मालकाच्या मुलानं जागा झकास केली होती. दगड घासून काढले होते, फळ्यांच्या भिंती पाडल्या होत्या, दिवाणखाना पुन्हा लांबलचक झाला होता. अव्वा कठडा धरून एकेक पायरी चढली. वर पोचल्यावर तिनं चौफेर बघितलं आणि म्हणाली, “उजेड चांगला केलाय.”

मी तिला मुद्दाम कडेच्या खुर्चीवर बसवलं. पण मुलाची आत्या येऊन तिच्याशेजारीच बसली. आत्या जेऊरची, शेतातली बाई, खणखणीत आवाजाची. मुलाची आई, म्हणजे माझ्या होणाऱ्या विहीणबाई, समोरच उभ्या होत्या. त्यांचं करमाळ्यात कापडाचं दुकान आहे. बोलणं मोजकं, साडी नेसणं देखणं.

आत्यानं विचारलं, “आजी, तुमी सोलापुरातल्या कुटल्या?”

“हितल्याच,” अव्वा म्हणाली.

“हितल्या म्हंजी ह्या पेठंतल्या?”

“ह्या बिल्डिंगीतल्या. तू बसलीस न्हवं, तितं गादी होती. मागं गच्चीवर आमची चूल.”

विहीणबाई कौतुकानं वळल्या. “अय्या, खरंच? म्हणजे ही तुमचीच बिल्डिंग?”

मी मधे पडले. “अव्वा, तुझी गोळी घ्यायची राहिली.”

“गोळी सकाळी घेतली की.” आणि विहीणबाईंना म्हणाली, “आमची न्हवं. आमी चाकर. आधी पेढी होती, मंग लॉज झालं. आमचे हे तितं म्यानेजर.”

“सुम्निर,” मी कानडीत हळूच म्हटलं. गप्प बस.

ती मराठीतच आणि मोठ्यानं म्हणाली, “गप का? त्यांनी इचारलं म्हणून सांगायले की.”

आत्याला रस वाटायला लागला होता. “मंग लॉज बंद कशापायी पडलं?”

“धाड पडली पोलिसांची. खोल्या तासावर द्यायचे. बाया यायच्या.”

आमच्या आजूबाजूचं बोलणं थांबलं. फोटोग्राफर कुणाला तरी हसायला सांगत होता, तेवढाच आवाज. माझी मुलगी हातात ताट घेऊन दोन पावलांवर उभी होती आणि माझ्याकडं बघत होती. मी जमिनीकडं बघितलं.

अव्वा सांगत राहिली. “ह्याच जिन्यानं उतरवलं त्यांना, भर बाजारात. मी चादरी टाकल्या त्यांच्या डोक्यावर. ह्यांनाबी नेलं.”

“तुमच्या मालकांना?” आत्यानं विचारलं. तिच्याकडं नवऱ्याला मालक म्हणतात.

“व्हय. पोटापायी केलं. पण चूक ती चूक.”

हे वाक्य मी अव्वाच्या तोंडून पहिल्यांदा ऐकत होते. इतकी वर्षं मला वाटत होतं, तिला त्यात काही चूक वाटतच नसावं.

आत्यानं विचारलं, “मंग त्या बायांचं काय झालं?”

असं आजवर कुणी विचारलं नव्हतं. बाजारानं नाही, पेपरवाल्यांनी नाही, आणि मीही नाही. मी त्या घरात राहून विचारलं नव्हतं.

“एक आली होती परत,” अव्वा म्हणाली. “बाकीच्या कुटं गेल्या, न्हाय ठावं.”

आत्या चुकचुकली. मग म्हणाली, “आन् चादरी कुणाच्या म्हनायच्या? लॉजच्या?”

“मंग काय माझ्या? मालकानं इचारलं की नंतर, चादरी कमी कशा भरल्या म्हणून.”

आत्या मोठ्यानं हसली. अव्वाही हसली, दातांशिवाय, डोळे मिटून. विहीणबाई हसल्या नाहीत. त्यांनी पदर सारखा केला आणि “चला, मुहूर्त होतोय,” असं म्हणून त्या पुढं गेल्या.

साखरपुडा नीट पार पडला. परतताना गाडीत मुलगी माझ्याशेजारी बसली होती. म्हणाली, “आई, हे तू मला सांगायला हवं होतंस.”

“काय सांगणार होते?”

“मी हा हॉल निवडला नसता ना.”

अव्वा पुढच्या सीटवर होती. तिनं ऐकलं की नाही कळलं नाही. मला मात्र ते वाक्य लागलं. दुपारपर्यंत त्या कमानीपुढं फोटो काढून घेणारी माझी पोर, तिला त्या जागेची लाज वाटायला एक संध्याकाळ पुरली होती. आणि वाटणारच. ती माझ्याकडंच बघत होती, आणि मी जमिनीकडं.

आठवडाभरानं विहीणबाईंचा फोन आला. आवाज गोडच होता. “आजींचं वय झालंय, मी समजू शकते. पण लग्नात आमच्याकडचे भाऊबंद असतील, दुकानातली गिऱ्हाइकं असतील. तेवढं जरा त्यांना समजावा.”

“बघते,” मी म्हटलं.

अव्वानं विचारलं, “काय म्हणाल्या?” मला खोटं सुचलं नाही. सांगितलं.

“मला येऊ नको म्हणतात?”

“नाही गं. तसलं काही बोलू नको म्हणतात.”

“बरं. न्हाय बोलत.”

ती भांडेल, चिडेल, असं मला वाटलं होतं. मी त्याची तयारीसुद्धा केली होती. ती इतक्या सहज हो म्हणाली, की माझंच तोंड कडू झालं. मी बाल्कनीत गेले आणि विहीणबाईंना परत फोन लावला.

“अव्वाला सांगितलंय. ती गप्प बसेल. पण तिनं सांगितलं ते सगळं खरं आहे. आणि त्यात तिनं लपवावं असं काही केलेलं नाही.”

पलीकडून उत्तर आलं, “अहो, मी तसं कुठं म्हटलं?” आणि मग, “बरं.”

फोन ठेवल्यावर हलकं वाटेल असं वाटलं होतं. वाटलं नाही. मुलीचं ठरलेलं लग्न मी मोडलं की काय, या भीतीनं मी त्यानंतर कितीतरी दिवस फोन वाजला की दचकत होते. बोललेलं परत घेता आलं असतं तर घेतलंही असतं.

लग्न करमाळ्याला झालं, मोडलं नाही. अव्वा पुढच्या रांगेत बसली होती, कपाळावर विभूतीचे पट्टे, अंगावर नवी इरकल. कुणी काही विचारलं तर मान हलवायची. जेऊरची आत्या उत्साहानं तिच्याशेजारी येऊन बसली, दोन-तीनदा बोलायला बघितलं, आणि मग मला येऊन म्हणाली, “आजी बोलंनात आज. बरं न्हाय काय त्यांना?”

मी म्हटलं, “प्रवासानं दमलीय.”

आत्यानं माझ्याकडं जरा जास्तच वेळ बघितलं. मग ती आत जाऊन अव्वासाठी ताक घेऊन आली आणि ते संपेपर्यंत तिच्याजवळ नुसती बसून राहिली.

हॉल वर्षभरही चालला नाही. गाड्या लावण्यावरून खालचे दुकानदार रोज भांडत होते. आता वर मुलींचं हॉस्टेल आणि अभ्यासिका आहे. हे मला कळलं ते माझ्या एका जुन्या विद्यार्थिनीमुळं. ती माढ्याला दिलेली. तिच्या मुलीला सोलापुरात कॉलेजला प्रवेश मिळाला, तर तिनं फोन केला, “मॅडम, तिथं एक हॉस्टेल बघितलंय. मुलींसाठी जागा बरी आहे ना? तुम्ही सोबत याल का?”

गेले. लांब दिवाणखान्यात दुमजली लोखंडी कॉट लागलेल्या होत्या. दोरीवर ओढण्या वाळत होत्या. तिची मुलगी जाऊन रस्त्याकडच्या खिडकीपाशी उभी राहिली. तिच्या आईनं विचारलं, “तुम्हाला माहितीतली आहे का बिल्डिंग, मॅडम?”

“मी इथंच वाढले,” मी म्हटलं. “माझे वडील इथं मॅनेजर होते. लॉज होतं तेव्हा.” आणि मग थांबता आलं नाही. धाडीपर्यंत सगळं सांगितलं. माझा आवाज मलाच परका वाटत होता.

ती ऐकत होती, पण नजर मुलीकडं. मी संपवल्यावर हळू आवाजात म्हणाली, “हे तिच्यासमोर नसतं बोललात तरी चाललं असतं, मॅडम.”

“हो,” मी म्हटलं.

त्यांनी कॉट घेतली. दुसरीकडं जागाच शिल्लक नव्हत्या. मुलीची आई दारांच्या कड्या आतून लावून बघत होती, एकेक, नीट. मी तिची वाट बघत जिन्याच्या वरच्या टप्प्यावर उभी राहिले. खाली बाजार चालू होता. वर कुणी बघत नव्हतं, तरी मी जरा मागं सरकून उभी राहिले.

घरी आल्यावर अव्वानं विचारलं, “कशी हाय आता?”

“पोरी राहतात. स्वच्छ आहे.”

“नळाला पाणी येतं वरपर्यंत? आमाला खालून न्यावं लागायचं.”

“येतं म्हणाल्या.”

“मग बरं हाय,” ती म्हणाली, आणि मला जेवायला वाढू का म्हणून विचारलं.